तलावाच्या भरवशावर : माथेरानच्या हॉटेलांचा इतिहास

माथेरानच्या हॉटेलांचा इतिहास सांगायला बसले की तो एका ठरलेल्या वाटेने जातो. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या मुक्कामावरून डोंगर चढून आले, त्यांना जागा आवडली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, त्यांनी या ठिकाणाला राजमान्यता मिळवून दिली. मुंबईच्या पारशी, खोजा शेठांनी बंगले बांधले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने छोटी गाडी वर आणली आणि हॉटेले भरू लागली. यातले काहीच खोटे नाही. पण एवढेच वाचले तर असे वाटते की साहेबाला आवडलेली जागा, पैसेवाला मालक आणि येण्याजाण्याची सोय एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की हॉटेल उभे राहते. माझे म्हणणे वेगळे आहे. या डोंगरावर पाहुणे ठेवून घेण्याची जी संस्था उभी राहिली, ती पाण्याच्या व्यवस्थेवर उभी राहिली, आणि त्या व्यवस्थेच्या मध्यभागी दीर्घकाळ शार्लट तलाव होता. मालकांच्या तसबिरी हॉटेलांच्या स्मरणिकेत अवश्य छापाव्यात. पण त्यांच्याआधी तलावाचे पान हवे. माथेरान ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात उल्हास नदीच्या वरच्या अंगाला कोंडाण्याची लेणी आहेत. तिकडून या डोंगराकडे पाहिले की ही गोष्ट अधिक नीट दिसते.

तलावकाठचे हॉटेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजवाडा येतो. उदयपूरच्या पिचोला तलावातला जगनिवास अठराव्या शतकात मेवाडच्या महाराण्याने बांधला आणि १९६३ मध्ये त्याचे हॉटेल झाले. आपल्याकडे कोल्हापूरला रंकाळ्याच्या काठी १९३१ ते १९३४ या काळात शालिनी पॅलेस उभा राहिला आणि १९८७ मध्ये त्यात हॉटेल सुरू झाले. दोन्ही ठिकाणी तलाव हा शोभेचा भाग आहे. पाहुण्याने खिडकी उघडावी, पाण्यात पडलेले मनोऱ्यांचे प्रतिबिंब पाहावे आणि खोलीच्या भाड्यात त्याचे मोल भरावे, अशी ती रचना. माथेरानला असे काही नाही. शार्लट तलाव झाडीच्या आड, पिसरनाथाच्या देवळाजवळ आहे. ओढ्याच्या पाण्याला बांध घालून केलेला हा साधा साठा. पावसाळ्यात भरला की पाणी बांधावरून सांडते आणि कड्याकडे धावते. त्यात पोहायला मनाई आहे, कारण ते गावाचे पिण्याचे पाणी. बहुतेक जुनी हॉटेले तलावापासून दूर, बाजाराच्या अंगाला किंवा कड्यांकडे जाणाऱ्या लाल वाटांवर आहेत. तलावाचे दर्शन त्यांना मिळत नाही, पाणी मात्र मिळाले. मी त्यांना तलावकाठची हॉटेले म्हणतो ते या अर्थाने. पाहायच्या तळ्यावाचून हॉटेल चालू शकते, प्यायच्या तळ्यावाचून चालत नाही, एवढी साधी गोष्ट आपण पर्यटनाच्या माहितीपत्रकांच्या नादात विसरतो.

या डोंगराची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि त्यावर जांभ्याचे कवच आहे. पाऊस इतका पडतो की चार महिने धुके आणि पागोळ्यांखेरीज काही दिसू नये. पण जांभा सच्छिद्र आणि माथा अरुंद. पडलेले पाणी काही मुरते, बाकीचे चहूबाजूंनी कड्यांवरून खाली जाते. मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने हिवाळाभर पाझरते आणि उन्हाळा वाढेल तसे बारीक होत जाते. आता मुंबईकराचे वेळापत्रक पाहा. त्याला उकडायला लागते ते एप्रिल-मे महिन्यांत, शाळांना सुट्या पडतात तेव्हा. म्हणजे ज्या पंधरवड्यात झरे शेवटच्या घटकेला आलेले असतात, त्याच पंधरवड्यात डोंगरावर माणसांची संख्या कैकपटींनी वाढते. आणि ज्या दिवसांत डोंगर पाण्याने फुटत असतो, त्या दिवसांत जुन्या काळी हॉटेलांना कुलपे असत. व्हरांड्यांना झडपा आणि झावळ्या बांधून मालक खाली उतरत. सीझन आणि पाणी यांचा असा उभा दावा असलेल्या ठिकाणी धंदा करायचा, तर जून ते सप्टेंबरचे पाणी मेपर्यंत धरून ठेवणे हाच पहिला प्रश्न. तो हॉटेलमालकाच्या हुशारीने सुटणारा नव्हता, बांधानेच सुटणारा होता.

हा प्रश्न इंग्रजांच्या काळात जन्मला असेही नाही. कोंडाण्याची लेणी या प्रदेशातल्या सर्वांत जुन्या निवासांपैकी आहेत. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या रानात, उल्हासच्या खोऱ्यात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली. चैत्याच्या दर्शनी भागावर, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे : कण्हाचा शिष्य बलुक याने हे केले. चैत्याच्या कमानीचे आणि जाळीच्या नक्षीचे कौतुक सगळे करतात, आणि ते करावेच. मला मात्र इथे शेजारचा विहार महत्त्वाचा वाटतो. मधे खांबांचे दालन आणि तीन बाजूंना प्रत्येकी सहा, अशा अठरा खोल्या. खोलीत निजण्यापुरता दगडी ओटा. वाकून आत गेल्यावर हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल की काय असे वाटावे, इतकी ती खोली लहान आहे. अठरा खोल्या म्हणजे आजच्या माथेरानातले बेताचे हॉटेल. भिक्खूंचा नियम असा की पावसाळ्यात भटकायचे नाही, एका जागी वर्षावास करायचा. म्हणजे विहार भरायचा तो नदी दुथडी वाहत असताना, आणि रिकामा व्हायचा तो वाटा सुकल्यावर. मुक्काम आणि पाणी यांची इतकी सरळ जुळणी पुढे या तालुक्यात पुन्हा झाली नाही.

यावर कोणी म्हणेल, विहार म्हणजे हॉटेल नव्हे. तिथे भाडे नव्हते, पाहुणा नव्हता, माथेरानच्या रग्बी हॉटेलचा वंशवृक्ष कोंडाण्यापर्यंत नेणे ही स्मरणिकेला शोभणारी पण इतिहासाला न पेलणारी उडी आहे. वंशवृक्ष मी लावतच नाही. बलुकाला हॉटेलांचा आद्यपुरुष ठरवण्याचा उत्साह ज्यांना असेल त्यांना तो लखलाभ. माझा मुद्दा एवढाच की सह्याद्रीच्या या उतारावर मुक्काम वसवणाऱ्याला, मग तो संघ असो, फडणीस असो की हॉटेलवाला, पाण्याच्या एकाच अटीला सामोरे जावे लागले. कोंडाण्याने ती अट पावसाच्या वेळापत्रकाला शरण जाऊन पाळली. माथेरानला ते वेळापत्रक उलटे करावे लागले, आणि म्हणून तलाव लागला.

या दोहोंच्या मधला दुवा खोपोलीला आहे. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात नाना फडणीसांनी बोरघाटाच्या पायथ्याशी दगडी बांधणीचे मोठे तळे आणि काठावर महादेवाचे देऊळ बांधले. तेच आजचे विरेश्वर. पुण्याला जाणारा वाटसरू पनवेलहून निघाला की चौक, मग खोपोली, आणि तिथे घाट चढण्याआधीचा विसावा. बिशप हेबर १८२५ मध्ये पुण्याकडे जाताना इथून गेले. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात या तळ्याची आणि देवळाची नानांच्या नावासह आवर्जून नोंद केली आहे. घाट तेव्हा गाडीरस्त्याचाही नव्हता. सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये तो चाकांसाठी खुला झाला. पुढे १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये पलीकडे खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेने चढला नव्हता. या मधल्या वर्षांत उतारूंनी खोपोलीला गाडी सोडावी, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करावी आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरावी, असा क्रम होता. एवढी वर्दळ पेलणाऱ्या गावात नानांचे तळे आधीपासून होते हे त्या गावाचे भाग्य. गंमत पाहा, घाटातली रेल्वे सुरू झाली आणि खोपोलीचा मुक्काम ओसरला. तळे भरलेले राहिले, थांबणारे गेले. याचा अर्थ पाणी असले की मुक्काम आपोआप चालतो असे नव्हे. पाणी ही मुक्कामाची पहिली अट आहे, एकमेव अट नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

मग रेल्वेचा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. नेरळ स्टेशन नसते, नेरळहून वर येणारी दोन फुटी गाडी नसती, तर माथेरानची हॉटेले कोणी पाहिली असती? आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपये खर्चून ही गाडी बांधली, आणि तिच्यामुळे सामान्य ऐपतीचा मुंबईकर डोंगरावर येऊ लागला, हे निर्विवाद आहे. पण कालक्रम पाहिला की आक्षेप बोथट होतो. रग्बी हॉटेल आपली स्थापना १८७६ ची सांगते, म्हणजे गाडीच्या तीन दशके आधीची. त्याच्याही आधी, मॅलेट यांचे ‘बाइक’ नावाचे घर आणि कॅप्टन बार यांचे घर या पहिल्या काही वर्षांतल्या वास्तू. आज दोन्हींच्या जागी हॉटेले आहेत. माथेरानची नगरपालिका १९०५ ची, म्हणजे तीही गाडीच्या आधीची. गाडीने पाहुणे वाढवले. पाहुणे ठेवून घेण्याची रीत तोवर रुजलेली होती. शिवाय वाफेच्या इंजिनालाही घाट चढताना पाणी लागेच. या मार्गावरच्या एका स्टेशनाचे नाव आजही ‘वॉटर पाइप’ आहे, हे रेल्वेची महती गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हवा, उंची आणि कडे यांनी माथेरान घडवले, असा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर शेजारच्या डोंगराने दिले आहे. माथेरानच्या पश्चिमेला प्रबळगड उभा आहे. उंची जवळजवळ तितकीच, माथा विस्तीर्ण, झाडी दाट, आणि मुंबई आणखी जवळ. तिथेही साहेबांनी थंड हवेचे ठिकाण वसवायचे मनात आणले होते, पण पाणी पुरेना म्हणून बेत सोडला, असे सांगतात. पडक्या बंगल्यांची जोती गडावर झाडोऱ्यात अजून दिसतात. हवा तीच, कडे तसेच, पाऊस तोच. एका डोंगरावर पाणी धरून ठेवता आले आणि हॉटेले झाली. दुसऱ्यावर जोती राहिली. रेल्वे तर दोन्हींच्या पायथ्याला सारखीच नव्हती हे खरे, पण १८५० च्या दशकात, निवड होत होती तेव्हा, हा फरक इतका मोठा नव्हता. चौकहून चालत येणाऱ्याला दोन्ही डोंगर सारखेच दूर.

जुन्या हॉटेलांची बांधणीही हेच सांगते. भव्य म्हणावे असे दर्शनी काम त्यांत फारसे नाही. बैठी किंवा फार तर एक मजली इमारत, उतरते कौलारू नाहीतर पत्र्याचे छप्पर, सगळ्या बाजूंनी खोल व्हरांडा, आरामखुर्च्या, आणि मागच्या अंगाला न्हाणीघरांची रांग. ही मागची बाजू कोणी चित्रात घेत नाही. पण सकाळी सात वाजता हॉटेल खऱ्या अर्थाने चालू असते ते तिथे : बंब पेटलेला, बादल्या रांगेत, आणि कुठल्या खोलीला किती गरम पाणी गेले याचा हिशेब एका पोऱ्याच्या तोंडपाठ. नळ सर्वत्र पोचण्याआधी हे सारे पाणी हंड्यांनी, कावडींनी, पखालींनी आले. डॉ. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच डोंगरावरची माणसे, वनस्पती आणि प्राणी यांचा उल्लेख आहे. ठाकूर, कातकरी, धनगर ही ती माणसे. घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, पाणके, न्हावी, धोबी हे सगळे हॉटेलच्या हिशेबात येतात, मात्र इतिहासात येत नाहीत. एक नाव आले ते वेगळ्या कारणाने. माथेरानच्या न्हावी कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोटवाल वकील झाले, गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडू लागले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पाहुण्यांच्या गावाने दिलेला हा माणूस गावकऱ्यांचा होता, आणि हॉटेलांच्या स्मरणिकेत त्याला जागा द्यायला मालकांनी बिचकू नये.

ते मनोरे ज्या विजेचे होते, तिच्यामागे सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी होते, आणि तेच पाणी आता माथेरानच्या नळापर्यंत येते. शेवटचा आक्षेप याच ठिकाणी निघतो : शार्लट तलाव एकटा कधीच पुरला नाही, आज माथेरानला पाणी नेरळजवळून उल्हास नदीतून टप्प्याटप्प्याने उपसून चढवावे लागते, मग तलावाचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तलाव अपुरा पडला तो हॉटेले वाढली म्हणून, आणि हॉटेले वाढली ती तलाव होता म्हणून. उपसा योजनेने तलावाचे तत्त्व मोडले नाही, ते फक्त लांबवले. साठा डोंगरावर होता तो आता अर्धा तालुकाभर पसरला. कसा, ते पाहण्यासारखे आहे. कोंडाण्यापाशी उल्हास ही पावसाळी नदी; उन्हाळ्यात पात्रात डबकी आणि धोंडे. नेरळला ती मे महिन्यातही वाहते, कारण मध्ये तिला पेज नदी मिळते, आणि पेजेत भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी असते. हे वीजघर टाटांनी १९२२ मध्ये सुरू केले. त्याला पाणी येते घाटमाथ्यावर ठोकरवाडीला अडवलेल्या आंध्रा नदीचे. जे पाणी स्वभावाने इंद्रायणी-भीमेकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जायचे, ते कड्यावरून खाली पडून चक्रे फिरवते, पेजेतून उल्हासला येते, आणि तिथून पंपाने पुन्हा ८०० मीटर वर चढून माथेरानच्या एखाद्या खोलीत बादलीत पडते. एका डोंगरावरून उतरलेले पाणी दुसऱ्या डोंगरावर चढवणारी ही व्यवस्था ज्याला किरकोळ वाटेल, त्याने मे महिन्यात दोन दिवस पंप बंद पडल्यावर हॉटेलच्या व्यवस्थापकाचा चेहरा पाहावा. आणि अशा दिवशी गावाला आठवण होते ती पिसरनाथाशेजारच्या जुन्या साठ्याचीच.

गेल्या काही वर्षांत पावसाळी पर्यटन वाढल्याने सीझन आणि पाणी यांचा जुना दावा मिटत चालला आहे, असेही कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. नेरळ ते अमन लॉज गाडी पावसात बंद असते, तरी दस्तुरीपर्यंत मोटारी येतात आणि शनिवार-रविवारी व्हरांडे ओले पण भरलेले असतात. पण मेची सुटी, दिवाळी आणि नाताळ यांच्यावरच वर्षाचा ताळेबंद जमतो, आणि यांतला मे अजूनही कोरडाच आहे. त्यातच २००३ पासून माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. मोटारींना आत बंदी, बांधकामावर निर्बंध, ही बंधने हॉटेलवाल्यांना जाचक वाटतात. पाण्याच्या बाजूने पाहिले तर तीच त्यांची तटबंदी आहे : तलावाचे पाणलोट क्षेत्र म्हणजे आसपासचे रान, आणि रान गेले की साठ्यात पाण्याऐवजी लाल माती येईल. घोड्यांच्या लिदीचा प्रश्न आहेच. ती पावसाने वाहून ओढ्यांत आणि साठ्यांत जाते, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर हॉटेलवाले आणि घोडेवाले एकमेकांकडे बोट दाखवतात.

पुढच्या इतिहासाचा धागा पुन्हा कोंडाण्याला जातो. तिथे उल्हासवर धरण बांधण्याचा प्रकल्प निविदांच्या चौकशीने गाजला आणि नंतर सिडकोकडे गेला, तो नवी मुंबईलगतच्या नव्या नगरांना पाणी देण्यासाठी. उल्हासच्या पाण्यावर आधीच बदलापूर, अंबरनाथ, कल्याणपर्यंतची शहरे हक्क सांगतात. या रांगेत माथेरान कायमचे रहिवासी मोजले तर सर्वांत लहान, २०११ च्या जनगणनेत पाच हजारांच्याही आतले. पण मेमधल्या पाहुण्यांसकट मोजले तर बरेच मोठे, आणि चढण मोजली तर सर्वांत महागडे. पाणीवाटप लोकसंख्येवर ठरते, पाहुणे लोकसंख्येत धरले जात नाहीत. तेव्हा हॉटेलचालकांनी आपल्या जुन्या वह्या काढाव्यात : कोणत्या साली टाकी बांधली, कधी नळ आला, कोणत्या उन्हाळ्यात खोल्या असून पाण्याअभावी पाहुणे परत पाठवावे लागले. लग्नसराईच्या पंगतींचे आणि बड्या पाहुण्यांच्या सह्यांचे कागद सगळ्यांनी जपले आहेत. पाण्याची बिले मात्र रद्दीत जातात, आणि पाणीवाटपाच्या टेबलावर उपयोगी पडतील असे कागद तेच आहेत.